नाताळचा हॅम, संत्रा-पेरूच्या ग्लेझचा: खान्देशातल्या घरगुती स्वयंपाकघरासाठी

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, धुळ्या-जळगावात किंवा नवापूरकडे नाताळच्या जेवणाला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, करायचा म्हटलं, की कृतीच्या आधी मालाची अडचण येते. आख्खा हॅम इथे सहज मिळत नाही. म्हणून दोनच वाटा उरतात. मुंबई-नाशिकहून तयार हॅम आणायचा आणि घरी फक्त गरम करून ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा फळांचा चकचकीत पाक, द्यायचं, किंवा डुकराची मागची मांडी घेऊन ती घरीच खारवायची. दुसऱ्या वाटेला नऊ-दहा दिवस लागतात, पण चव तिचीच सरस. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: ग्लेझ हे शेवटच्या पंचवीस मिनिटांचं काम. त्याआधी सगळा कारभार मीठ आणि तापमान या दोघांचा. तिथे चूक झाली तर वरचा पाक कितीही चकाकला तरी आतलं मांस कोरडं किंवा खारट निघतं.

माणशी बिनहाडाचं २०० ते २५० ग्रॅम धरा. बारा माणसांना ३ किलो पुष्कळ होतं. खालची सगळी मापं ३ किलोची आहेत.

तयार हॅम आणणार असाल तर

पाकिटावर 'कुक्ड हॅम' लिहिलेला, एकसंध मांसाचा तुकडा बघून घ्या. सँडविचसाठी दाबून केलेला चौकोनी हॅम इथे कामाचा नाही. त्याला चरबीचा थर नसतो, त्यामुळे ग्लेझ धरायला काही राहत नाही. मुंबईहून भुसावळपर्यंत गाडीत सहा ते आठ तास जातात. गोठलेला हॅम बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या खोक्यात घाला, झाकणाला चिकटपट्टी मारा आणि वाटेत उघडू नका. घरी आल्यावर तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच वितळवायचा. ३ किलोला दीड दिवस लागतो. ओट्यावर ठेवून वितळवला तर आत बर्फ आणि बाहेर कोमट मांस अशी अवस्था होते, आणि जंतू त्या कोमट भागातच वाढतात. आपल्याकडे डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा पडतो, पण दुपारी पारा २८-३० पर्यंत जातो, हे विसरू नका.

गरम करताना ट्रेमध्ये कपभर पाणी घाला, हॅम फॉइलने घट्ट झाका आणि ओव्हन १६० अंशांवर ठेवा. दर अर्ध्या किलोला १५ ते १८ मिनिटं धरा. मधोमध ६० अंश झाले की तो ग्लेझसाठी तयार. असा हॅम आधीच शिजलेला असतो, त्याला आणखी शिजवत बसलात तर तो फक्त सुकतो.

घरी खारवायचा तर: मांस

मागच्या मांडीचं, चामडी आणि चरबीसकट मांस मागा. आख्खी मांडी सहा-सात किलोची असते. ती घरच्या फ्रिजमध्ये मावत नाही, आणि इतक्या जाड मांसात हाडापर्यंत मीठ पोचायच्या आत ते हाडाजवळ नासू शकतं. म्हणून हाड काढून दीड-दीड किलोचे दोन तुकडे करून घ्या, जाडी ८ सेंटीमीटरच्या आत. तुकडे उभे पाडायला सांगा, म्हणजे दोन्हींना एका बाजूला चामडी राहील. काढलेलं हाड सोडू नका, ते सोबत आणून फ्रीझरमध्ये ठेवा.

मांस कापल्यावर नीट बघा. आत तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके, पाणीदार फोड दिसले तर ते पट्टकृमीचे आहेत. असं मांस घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी नको. आणि मांस निरोगी दिसलं तरी स्थानिक पोर्क आतपर्यंत ७१ अंश होईस्तोवर शिजवायचंच.

सकाळी लवकर आणलेलं मांस लगेच खारवू नका. ते अजून कोमट असतं. आधी रात्रभर फ्रिजमध्ये थंड होऊ द्या.

खारवणीचं पाणी

इथे वजनकाटा लागतो, अंदाज चालत नाही. मांस ३ किलो आणि पाणी २ लिटर, म्हणजे एकूण ५ किलो. सगळी मापं या एकूण वजनावर काढायची:

मीठ ११५ ग्रॅम, गूळ ६० ग्रॅम, क्युअरिंग सॉल्ट १२.५ ग्रॅम. सोबत काळी मिरी १० ग्रॅम, ६ लवंगा, ४ तमालपत्रं आणि दालचिनीचा बोटभर तुकडा.

क्युअरिंग सॉल्ट म्हणजे 'प्राग पावडर नंबर १'. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. हॅमचा गुलाबी रंग आणि ती ओळखीची चव नायट्राइटमुळेच येते, आणि बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंनाही तेच रोखतं. माप एकूण वजनाच्या ०.२५ टक्के, त्याहून चिमूटभरही जास्त नाही, कारण जास्त नायट्राइट विषारी असतं. नेहमीचा स्वयंपाकघरातला काटा इतकं बारीक वजन नीट दाखवत नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा वापरा. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पुडीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती मिठाच्या बरणीपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

घोटाळा इथेच होतो. या पावडरीला रंग देऊन गुलाबी करतात, ती साध्या मिठात मिसळली जाऊ नये म्हणून. त्या रंगावरून कुणी सैंधव वापरतं, कुणी पादेलोण, कुणी बाजारात 'हिमालयन पिंक' म्हणून मिळणारं मीठ. या तिन्हींत नायट्राइट नसतं. ते घालून नऊ दिवस मांस ठेवणं धोक्याचं आहे. जुन्या पाककृतींत सोरा सांगितलेला असतो. सोरा म्हणजे नायट्रेट. त्याचं नायट्राइट व्हायला जंतूंची मदत आणि वेळ लागतो, आणि फ्रिजच्या थंडीत ते भरवशाने होत नाही. सोराही नको.

क्युअरिंग सॉल्ट मिळालंच नाही तर मांस फक्त मीठ-गुळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून शिजवा. रंग राखाडी येईल, चव भाजलेल्या पोर्कची येईल. त्याला हॅम म्हणता येणार नाही, पण ग्लेझ त्यावरही छान बसतं.

अर्धा लिटर पाण्यात मसाले पाच मिनिटं उकळा, त्यात मीठ आणि गूळ विरघळवा आणि गाळा. गुळात खडे-चोयट्या असतात, म्हणून पातळ फडकं लावून गाळलेलं बरं. उरलेलं दीड लिटर थंड पाणी घाला. सगळं पूर्ण गार झाल्यावरच क्युअरिंग सॉल्ट मिसळा आणि पाणी फ्रिजमध्ये ठेवून आणखी थंड करा. कोमट पाण्यात मांस टाकलं तर पहिल्याच रात्री वास धरतो.

आता टोचणी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मं यश यात आहे. नवीन, ५० मिलीची जाड सुईची सिरिंज घ्या. प्रत्येक तुकड्यात खारवणीचं १५० मिली पाणी भरायचं. सुई मधोमध पोचेल इतकी खोल घाला, दांडा हळू दाबा आणि दाबता दाबता सुई बाहेर ओढा. एकाच ठिकाणी भराभर दाबलंत तर पाणी स्नायूंच्या मधल्या फटीत साचतं आणि कापल्यावर तिथे खारट खिसा सापडतो. दर ३ सेंटीमीटरवर एक टोच पुरे. थोडं पाणी परत बाहेर येईल. ते त्याच भांड्यात पडू द्या, माप बिघडत नाही.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाण्याच्या प्लास्टिकचं असावं. ॲल्युमिनियम आणि तांबं-पितळ नको. तुकडे बुडवा, वर जड ताटली ठेवा, झाका. फ्रिज २ ते ४ अंशांवर हवा. टोचलेलं मांस सहा दिवसांत तयार होतं. टोचलं नसेल तर नऊ दिवस ठेवा. एक दिवसाआड तुकडे पालटा. वीज चार तासांपेक्षा जास्त जाणार असेल तर डब्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावा आणि फ्रिजचं दार उघडू नका. पाणी दोरीसारखं तारदार झालं किंवा आंबूस वास आला, तर मांस फेकून द्या. ते धुऊन चालवायचं नाही.

म्हणजे २५ डिसेंबरच्या दुपारचं जेवण असेल तर मांस १६ तारखेच्या सकाळी घरी हवं. १७ ला टोचून पाण्यात घाला, २३ ला बाहेर काढा. मग त्यातली कडेची चकती कापून तव्यावर परतून खा. खारट वाटली तर तुकडे थंड पाण्यात, फ्रिजमध्येच, सहा तास ठेवा. ठीक वाटली तर नुसते धुवा, पुसा आणि जाळीवर ठेवून २५ पर्यंत फ्रिजमध्ये उघडेच सुकू द्या. या काळात मीठ आतल्या भागातही सारखं पसरतं.

शिजवणं

तुकडे सुती दोऱ्याने आवळून बांधा, म्हणजे शिजताना आकार सुटणार नाही. मोठ्या पातेल्यात तळाशी केळीचं पान अंथरा. मांस तळाला चिकटत नाही, आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात पानांना काय तोटा! तुकडे ठेवा, वर तीन-चार बोटं येईल इतकं साधं थंड पाणी घाला, सोबत एक कांदा, गाजर, दहा मिरे.

पाणी उकळू द्यायचं नाही. ८० ते ८५ अंश म्हणजे तळातून अधूनमधून बुडबुडा येतो, वर वाफ दिसते, पण पाणी खदखदत नाही. खदखदलं की स्नायू आक्रसतात, आतला रस पिळून पाण्यात जातो आणि मांस दोऱ्यादोऱ्याचं होतं. गॅस अगदी मंद करूनही उकळत असेल तर पातेल्याखाली जाड तवा ठेवा. प्रेशर कुकर याच कारणासाठी नको.

दीड तासानंतर मोजायला लागा. स्वयंपाकाचा थर्मामीटर सगळ्यात जाड भागात मध्यापर्यंत खुपसा. ७१ अंश झाले की झालं. साधारण दोन ते अडीच तास लागतात. रंगावर जाऊ नका. नायट्राइटमुळे हा हॅम पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच राहतो, आणि कच्चं मांसही गुलाबीच दिसतं. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून थर्मामीटरशिवाय या कामाला हात घालू नये.

सकाळच्या उपासनेला घर बंद करून जाणार असाल तर तोवर हॅम शिजवून घ्या, गॅस बंद करा, झाकण लावा आणि पातेलं जाड चादरीत गुंडाळून ठेवा. मोठ्या पातेल्यातलं पाणी तासभर तरी ६० च्या वर टिकतं. आल्या आल्या मोजून बघा आणि ग्लेझला लागा. आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण मग परत ७४ अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि थोडा सुकतो. जमेल तर त्याच दिवशी शिजवा.

ग्लेझ: कोणतं फळ आणि का

जळगाव म्हटलं की केळी, पण ग्लेझला केळं घेऊ नका. त्यात आंबटपणा नाही, आणि गर तापला की काळपट, खळीसारखा होतो. हॅम खारट आणि चरबीदार असतो. त्याला नुसती गोडी चालत नाही, आंबट तोड लागते. डब्यातला आमरस आधीच साखर घातलेला असतो, तो बघता बघता करपतो. अननस चांगला, पण त्याचा कच्चा रस मांसावर लावून ठेवला तर वरचा थर लिबलिबीत होतो, कारण त्यातलं विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं. उकळल्यावर ते निकामी होतं. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो.

डिसेंबरात आपल्या बाजारात नागपुरी संत्री असतात आणि पेरूही भरपूर. ही जोडी सगळ्यात उत्तम. संत्र्यातून आंबटगोड रस आणि सालीचा वास मिळतो, पेरूतून पेक्टिन. पेक्टिनमुळे पाक जॅमसारखा धरतो आणि हॅमवरून ओघळत नाही.

लागेल ते असं: संत्र्याचा रस ४०० मिली (सात-आठ संत्री), पेरू २ मध्यम, गूळ १५० ग्रॅम, लिंबाचा रस २ मोठे चमचे, मोहरीची ताजी पूड २ छोटे चमचे, मिरपूड १ छोटा चमचा, सुंठ अर्धा छोटा चमचा, एका संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी भाग किसून, आणि टोचायला ३०-४० लवंगा. मीठ अजिबात नाही.

पेरू पूर्ण पिकलेले नकोत. किंचित करकरीत पेरूत पेक्टिन जास्त असतं. फोडी करून कपभर पाण्यात पंधरा मिनिटं शिजवा, ठेचा आणि गाळणीवर चमच्याने घासून गर काढा. संत्र्याचा रस हाताने पिळा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या तर सगळा पाक कडू होतो.

रस जाड बुडाच्या कढईत अर्धा होईपर्यंत आटवा, साधारण बारा मिनिटं. मग पेरूचा गर आणि गूळ घाला आणि मध्यम आचेवर सतत ढवळा. पाक उडतो, हात सांभाळा. आठ-दहा मिनिटांत तो चमच्याच्या पाठीवर थर धरू लागतो. पेरूच्या गरामुळे नेहमीसारखी तार बघता येत नाही, त्यासाठी ताटलीची परीक्षा घ्या. स्टीलची छोटी ताटली पाच मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर पाकाचा थेंब टाका आणि अर्ध्या मिनिटाने ताटली तिरकी करा. थेंब पाण्यासारखा धावला तर अजून आटवायचा आहे. जागचा हललाच नाही तर जास्त झालाय, दोन चमचे संत्र्याचा रस घालून सैल करा. थेंब सावकाश सरकला आणि मधून बोट फिरवल्यावर रेघ मोकळी राहिली, म्हणजे नेमका जमला. गॅस बंद करून लिंबू, मोहरी, मिरपूड, सुंठ आणि सालीचा कीस घाला. मोहरी उकळत्या पाकात घातली तर तिचा झणका उडून जातो.

चामडी काढणं, चिरा, ग्लेझ

हॅम पाण्यातून काढून दहा मिनिटं निथळू द्या, दोरा सोडा. चामडी गरम असतानाच निघते. गार झाली की चरबीला घट्ट चिकटते. एका कोपऱ्यातून सुरी घालून कडा सोडवा, मग चामडी फडक्यात धरून मागे ओढत न्या आणि सुरी फक्त मदतीला ठेवा. खाली अर्धा सेंटीमीटर चरबी राहायला हवी. जास्त जाड असेल तर तासून टाका. फार तासली आणि मांस उघडं पडलं, तर तिथे ग्लेझ बसत नाही आणि मांस कडक होतं.

मग त्या पांढऱ्या चरबीवर तिरक्या चिरा द्या, अडीच सेंटीमीटरच्या अंतराने, दोन्ही दिशांनी, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. सुरी चरबीच्या तळापर्यंत जाऊ द्या, पण मांसात शिरू देऊ नका. ओव्हनमध्ये चरबी वितळली की चिरा उघडतात आणि पाक त्यांत उतरतो. चिरा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक लवंग टोचा. मग सगळ्यात महत्त्वाचं, वरचा भाग कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ग्लेझ ओघळून ट्रेमध्ये साचण्याचं पहिलं कारण पातळ पाक नसतं, ओली चरबी असते.

३५-४० लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) दोन्ही तुकडे बसतात. २०० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवा. हॅम वरच्या कॉइलपासून निदान १०-१२ सेंटीमीटर खाली हवा. ट्रेमध्ये अर्धा इंच पाणी घाला, नाहीतर ठिबकलेला गूळ जळून घरभर धूर होतो. पाकाचा पहिला हात लावून दहा मिनिटं, दुसरा हात आणि आठ मिनिटं, तिसरा हात आणि पाच ते सात मिनिटं. प्रत्येक हात पातळ द्या. एकदम जाड थर लावला तर वरचा जळतो आणि खालचा पाणीदार राहतो. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. कडा गडद तपकिरी आणि मधले चौकोन तांबूस, चमकदार झाले की बाहेर काढा. एखादा कोपरा आधीच काळा पडू लागला तर तेवढ्यावर फॉइलचा तुकडा ठेवा.

ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात स्टँड ठेवून त्यावर हॅम, सपाट झाकणावर निखारे आणि खाली मंद आच, असं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. दिवाळीच्या नानकटाईसारखा ट्रे बेकरीच्या भट्टीत न्यायचा विचार असेल, तर आत डुकराचं मांस आहे हे भट्टीवाल्याला आधी स्पष्ट सांगा. पुष्कळ ठिकाणी ते चालत नाही, आणि त्याने नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये.

वीस मिनिटं तसाच विसावू द्या. लगेच कापलात तर रस पाटावर जातो आणि ग्लेझ सुरीबरोबर सोलून निघतं. लवंगा मोजून काढा, मुलांच्या दाताखाली येतात. धाग्यांना आडव्या, ४-५ मिलिमीटरच्या चकत्या कापा. उरलेला पाक दोन चमचे पाणी घालून गरम करा आणि वाटीत वेगळा द्या. सोबत उकडलेले बटाटे हवेतच, पण डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा मोसम. हिरव्या मिरचीचं, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्याशी हा गोड-खारट हॅम पावापेक्षा छान जमतो.

उरलेलं

बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये महिना-दीड महिना टिकतो. चकत्या करून ठेवण्यापेक्षा तुकडा अखंड ठेवला तर कमी सुकतो. फ्रीझरमधलं हाड तुरीच्या डाळीबरोबर मंद शिजवा आणि हॅम ज्यात शिजला ते पाणी त्यात घाला, पण एक भाग ते पाणी तर तीन भाग साधं. डाळीला मीठ शेवटी, चव बघूनच. बहुधा लागत नाही.